नियम मोडला जातो त्या दिवशी: तरुण गटाची आचारसंहिता आणि ख्रिस्ती सद्गुण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मंडळीच्या तरुण गटात १३ ते १९ वयाची ४० मुलं-मुली आहेत. गटाची १४ कलमांची आचारसंहिता आहे. ती ख्रिस्ती सद्गुणांशी जोडावी असं पाळकांनी सुचवलं, म्हणून तुम्ही प्रत्येक कलमाशेजारी एक वचन लिहून तक्ता भिंतीवर लावला. सहा महिने झाले. मुलांना तक्ता तोंडपाठ आहे, वागणं मात्र होतं तसंच आहे. आता काय करावं?

मी २२ वर्षं मंडळ्यांच्या तरुण गटांबरोबर काम करते आहे आणि असाच तक्ता मीही एकदा लावला होता. म्हणून आधी मत सांगते, कारणं मागाहून. सद्गुण आणि नियम यांची खरी गाठ पडते ती नियम मोडला जातो त्या दिवशी. ज्याने नियम मोडला त्याच्याशी आणि ज्याला त्याचा त्रास झाला त्याच्याशी तुम्ही कसे वागता, हे मुलं टक लावून बघत असतात. त्या तासाभरात त्यांना जे दिसतं, तीच त्यांच्या लेखी गटाची आचारसंहिता. बाकीचं सगळं काम ही त्या तासाची तयारी आहे.

आधी तक्त्याबद्दल. ‘वेळेवर यावे’ या कलमाशेजारी तुम्ही करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वचन लिहिलं आहे, देव अव्यवस्थेचा नाही तर शांतीचा आहे. पौल तिथे उपासनेत एकाच वेळी अनेकांनी बोलण्याबद्दल सांगतो आहे. पाच वाजताच्या बैठकीबद्दल नाही. पण संदर्भ सुटला एवढ्यावर हे थांबत नाही. असं वचन नियमावर मारलेल्या शिक्क्यासारखं होतं. मूल त्यातून दोन गोष्टी शिकतं: या नियमाबद्दल प्रश्न विचारायचा नाही, कारण खाली देवाची सही आहे, आणि देवाला मुख्यतः आपण पाच वाजता पोचलो की नाही यात रस आहे. पुढे विशीत गेल्यावर ते नियम सोडतं तेव्हा वचनही त्याच्याबरोबर टाकून देतं. मी हे घडताना पाहिलं आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नियम एका कृतीकडे पाहतो: केलंस की नाही? सद्गुण माणसाकडे पाहतो: तू कसा होत चालला आहेस? १३व्या शतकात ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणाची मांडणी केली ती अंगी मुरलेल्या चांगल्या सवयीच्या अंगाने. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, अंगवळणी पडणं. कॅमेरा आहे म्हणून जो दानपेटीला हात लावत नाही त्याने नियम पाळला. कोणी पाहत नसताना सापडलेलं पाकीट ज्याच्या हातून आपसूक परत जातं, प्रामाणिकपणा त्याच्या अंगवळणी पडला आहे. नियम पहिल्या मुलालाही हवा, कारण त्याच्यापासून इतरांना जपायचं असतं. पण पहिल्याचा दुसरा कसा होतो, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर भिंतीवर मिळत नाही.

आता कोणते सद्गुण घ्यायचे? याद्या बऱ्याच आहेत. विश्वास, आशा, प्रीती हे तीन. विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार. हे ग्रीक विचारातून आले, शलमोनाच्या ज्ञानग्रंथातही एकत्र येतात, आणि चौथ्या शतकात बिशप अँब्रोज यांनी त्यांना जे लॅटिन नाव दिलं त्याचं मूळ ‘बिजागरी’ या शब्दात आहे. दार ज्यावर फिरतं ती. मग गलतीकरांस पत्रातलं आत्म्याचं फळ: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. कलस्सैकरांस पत्रात ममता, लीनता, सौम्यता, सहनशीलता अंगावर चढवायच्या वस्त्रांसारखी येतात आणि प्रीती सगळ्यांना बांधून ठेवते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात विश्वासापासून प्रीतीपर्यंत एकाला एक जोडत नेलेली साखळी आहे.

सगळ्या याद्या एकदम आणू नका. माझी विभागणी अशी आहे. नियम घडवताना विवेक, न्याय, धैर्य, संयम या चार बिजागऱ्या हाताशी ठेवते. नियम चालवताना, म्हणजे मोठ्यांनी तो कसा लावायचा हे ठरवताना, आत्म्याचं फळ समोर ठेवते. हे वेगळं केल्यावर माझ्या कामात फार फरक पडला. त्याआधी मी मुलांकडून सहनशीलता मागत होते आणि स्वतः त्यांना ती देत नव्हते.

विश्वास, आशा आणि प्रीती यांचं मात्र कलम करू नका. ही देवाची देणगी आहे असंच मंडळीने कायम शिकवलं आहे. देणगीची सक्ती कशी करणार? आनंदाचंही तसंच. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या १९०८च्या नियमांत एक असा होता, की स्काउटने कुठल्याही परिस्थितीत हसावं, शीळ घालावी. थंडीत तंबू ठोकताना हे चांगलंच आहे. पण आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात बैठकीला आलेल्या मुलीला ‘सदा आनंदी राहावे’ हे कलम काय सांगतं? इथे तुझ्या रडण्याला जागा नाही. रोमकरांस पत्र तर सांगतं, रडणाऱ्यांबरोबर रडा. आनंद गटात दिसला तर देवाचे आभार माना. त्याचा हिशेब ठेवू नका.

त्याच स्काउट नियमांतून एक गोष्ट मात्र जरूर उचला. ते नियम सुरुवातीला नऊ होते, दहावा १९११ साली जोडला गेला, आणि त्यांतले बहुतेक ‘स्काउट असा असतो’ या रूपात लिहिले आहेत. ‘करू नये’ची रांग तिथे नाही. पुढे झाक सव्हँ या फ्रेंच येशूसंघी धर्मगुरूंनी १९२०च्या सुमारास फ्रान्समध्ये कॅथलिक स्काउट चळवळ उभी करताना हे नियम घेतले. मूळ नियम होता, स्काउट प्राण्यांचा मित्र असतो. त्यांनी तो असा केला, की स्काउट निसर्गात देवाची करणी पाहतो. झाडांवर आणि प्राण्यांवर प्रेम करतो. शेजारी वचन चिकटवलेलं नाही. नियमातली नजर बदलली आहे. झाड तोडू नको हे त्यात आलंच, पण का, तेही आलं, आणि तेही एका ओळीत. तुमच्या पाळकांना जे अपेक्षित आहे ते बहुधा हेच असावं.

मग तुमची १४ कलमं घ्या आणि मुलांसमोर ठेवा. प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारायचा: हा नियम कोणाला जपतो? उत्तर मुलांना शोधू द्या, तुम्ही गप्प बसा. ज्या कलमाला उत्तर सापडत नाही ते त्यांच्यासमोर खोडून टाका. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमच्या एका कलमात ‘बैठकीत टोपी घालू नये’ असं होतं. बराच वेळ कोणालाच उत्तर सापडलं नाही. शेवटी एक मुलगा म्हणाला, ‘हा नियम मोठ्यांच्या डोळ्यांना जपतो.’ आम्ही ते कलम काढलं. त्या संध्याकाळी मुलांना पहिल्यांदा खात्री पटली की उरलेले नियम खरे आहेत. या पद्धतीला फार जुना आधार आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियमावली लिहिली. तिच्या तिसऱ्याच प्रकरणात ते सांगतात, की महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा सगळ्यांना बोलवा, कारण पुष्कळदा प्रभू धाकट्यालाच योग्य ते सुचवतो.

माझा अनुभव असा की १४ची सहा-सात होतात. ती कशी जुळतात याचे काही नमुने देते.

वेळेचं कलम न्यायात येतं. न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं, आणि दुसऱ्याची वीस मिनिटं त्याची असतात. हे सांगितल्यावर मुलांनीच आमच्याकडे एक पुरवणी लावली: ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, ज्याला धाकट्या भावंडांना सोडून यावं लागतं, तो उशिरा आला तर उशीर धरायचा नाही. न्याय आणि शिस्त यांतला फरक त्यांना त्या पुरवणीत कळला.

बसण्याच्या जागेचं कलम तुमच्याकडे नाही. ते घाला असं मी आग्रहाने सांगेन. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देण्यावर कडक शब्द आहेत. तरुण गटात अंगठीच्या जागी चांगलं इंग्रजी असतं, महागडे बूट असतात, पाळकांचा मुलगा असणं असतं. ‘नवा माणूस एकटा बसत नाही’ एवढंच आमचं कलम आहे. प्रीतीवर दहा प्रवचनं देऊन जे होत नाही ते या कलमाने होतं, कारण यात काय करायचं ते मुलाला कळतं: उठायचं आणि शेजारी जाऊन बसायचं.

शब्द पाळण्याचं कलम सगळ्यात सोपं. होय तर होय, नाही तर नाही, हे येशूने इतकं स्वच्छ सांगितलं आहे की समजावण्याची गरज पडत नाही. फक्त ‘नाही’ म्हणायची मोकळीक गटात खरोखर असली पाहिजे. नाहीतर मुलं दबावाखाली होकार देतात आणि मग शब्द मोडतात.

पोशाखाच्या कलमावर मात्र थांबते. तुमच्या १४पैकी तीन कलमं पोशाखाची आहेत आणि तिन्ही मुलींसाठी आहेत. शेजारी शुद्धतेचं वचन आहे. मुलगी त्यातून शिकते की मुलांच्या मनाची राखण तिच्या बाह्यांवर आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू वासनेबद्दल बोलतो तेव्हा पाहणाऱ्याशी बोलतो. तुझा डोळा तुला अडखळवत असेल तर डोळ्याचं बघ, असं म्हणतो. जिच्याकडे पाहिलं जातं तिला तो तिथे एक शब्द बोलत नाही. शुद्धता हा सद्गुण आहे आणि तो मला मोलाचा वाटतो, पण त्याचं कलम नजर, भाषा, स्पर्श आणि फोन यांवर लिहा, आणि ते मुलगे-मुली दोघांना सारखं लागू करा. पोशाखाबद्दल एकच ओळ पुरते: कामाला साजेसे कपडे.

फोनचं कलम बहुतेक गट संयमात टाकतात. मीही टाकलं होतं, ‘बैठकीत फोन बंद’. पण फोनमधला मोठा धोका बैठकीतला नाही. दुसऱ्याचा फोटो, दुसऱ्याचा मेसेज, दुसऱ्याची प्रार्थनेची विनंती पुढे पाठवणं, हा तो धोका. प्रार्थनेच्या नावाखाली चाललेली कुजबुज ख्रिस्ती गटांचा खास रोग आहे: ‘तिच्यासाठी प्रार्थना करा, तिच्या घरी असं असं चाललंय.’ तेव्हा हे कलमही न्यायाचंच आहे. ज्याची गोष्ट त्याची परवानगी.

आता त्या दिवसाकडे येते. एका शिबिरात १६ वर्षांच्या एका मुलाने झोपलेल्या मुलीचा फोटो काढला आणि खाली हिणवणारी ओळ लिहून गटात पाठवला. आम्ही तासाभरात सगळं उरकलं. त्याच्या घरी फोन केला, सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं, कलम वाचून दाखवलं, संध्याकाळच्या गाडीने त्याला परत पाठवलं. नियम पाळला गेला. आणि ज्यांनी तो फोटो पाहिलाही नव्हता त्यांनी आमच्या घोषणेनंतर शोधून पाहिला. ती मुलगी उरलेले दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. तो मुलगा गटात परत आला नाही. त्या शिबिराचा विषय होता आत्म्याचं फळ. नऊच्या नऊ शब्द मागे पडद्यावर लावलेले होते आणि आम्ही त्या पडद्यासमोर उभं राहून हे केलं.

घरी आल्यावर मी गलतीकरांस पत्र पुन्हा वाचलं. पाचव्या अध्यायाच्या शेवटी फळाची यादी आहे. मग अध्याय बदलतो, आणि आपण वाचायचं थांबतो. अध्यायांची ही विभागणी पौलाची नाही; ती १३व्या शतकाच्या सुरुवातीला झाली. पौलाच्या पत्रात यादीनंतर दोन-तीन वाक्यांतच येतं: कोणी अपराधात सापडला, तर जे तुम्ही आत्म्याने चालणारे आहात ते त्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा, आणि स्वतःकडेही लक्ष द्या. तिथे जो सौम्यतेचा शब्द आहे, मूळ ग्रीकमध्ये तोच शब्द फळाच्या यादीत आहे. म्हणजे पौलाने यादी दिली आणि लगेच तिची परीक्षा कुठे होते ते सांगितलं: कोणी तरी चुकतं तिथे.

पुढे काही वर्षांनी जवळजवळ तसाच प्रसंग पुन्हा आला. या वेळी आम्ही आधी त्या मुलीकडे गेलो. तिला काय हवं आहे ते विचारलं: तिच्याबरोबर कोण थांबावं, आईला कोणी आणि कधी सांगावं, तिला त्या मुलाचं तोंड पाहायचं आहे का. ज्यांच्याकडे फोटो गेला होता त्यांच्याकडून तो एकेकाला भेटून काढायला लावला, घोषणा न करता. दोघांच्याही घरी त्याच दिवशी कळवलं. शिबिर संपेपर्यंत मुलाचा फोन आमच्याकडे आणि झोपण्याची सोय वेगळी. क्षमा मागायची घाई आम्ही त्याला करू दिली नाही. ती मागितली की समोरच्याला ‘ठीक आहे’ म्हणावंच लागतं, आणि हा भार तिच्यावर टाकायचा आम्हाला अधिकार नव्हता. ती दोन महिन्यांनी तयार झाली, तेव्हा त्याने मागितली. ती तयार झाली नसती तर मागितली नसती.

त्याच्याकडून भरपाई मात्र मागितली. जकातदार जक्कयाने येशूला घरात घेतल्यावर नुसतं वाईट वाटल्याचं सांगितलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला नाडलं त्याला चौपट, असं तो उभं राहून म्हणाला. आमच्या मुलाने काय भरावं हे त्याच्याबरोबर बसून ठरवलं. गटाचे फोटो काढायचं काम त्याचं होतं, ते सहा महिने काढून घेतलं. आणि एक मोठा मुलगा नेमला, ज्याचं काम फक्त त्याच्याबरोबर असणं होतं. ओरडणं नाही, उपदेश नाही. ही कल्पना संत बेनेडिक्ट यांचीच आहे. ज्या बंधूला शिक्षा झाली आहे त्याच्याकडे मठाधिपतीने शहाण्या वडीलधाऱ्या बंधूंना गुपचूप पाठवावं, म्हणजे तो दुःखात बुडून जाणार नाही, असं त्यांच्या नियमावलीच्या २७व्या प्रकरणात आहे.

सहा महिन्यांनी काम परत द्यायचं की नाही यावर आम्हा मोठ्यांमध्ये बराच वाद झाला. मला त्या वेळी योहानाच्या शुभवर्तमानातले दोन विस्तव आठवले. पेत्र येशूला नाकारतो तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा असतो. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशू न्याहारी करतो, तिथेही कोळशाचाच विस्तव. नव्या करारात हा शब्द एवढ्या दोनच ठिकाणी येतो. येशू त्याला तीनदा विचारतो, जितक्या वेळा नाकारलं तितक्या वेळा, आणि प्रत्येक वेळी काम सोपवतो: माझ्या कोकरांना चार, मेंढरांची राख. झालेलं पुसलं गेलं नाही. त्याच विस्तवाशी त्याचं नाव घेतलं गेलं, आणि तरीही काम मिळालं. आम्ही आधी त्या मुलीला विचारलं. ती हो म्हणाली. मग कॅमेरा त्याच्या हातात दिला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कलमाखाली तीन ओळी लिहिलेल्या असतात: ज्याला त्रास झाला त्याच्यासाठी काय करू, ज्याने केलं त्याने काय भरायचं, आणि त्याचा परतीचा रस्ता कोणता. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर कलम अजून ख्रिस्ती झालेलं नाही, असं मी मानते.

इथे एक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती वेगळी सांगते. वरचं सगळं समवयस्क मुलांमधल्या चुकांबद्दल आहे. मोठ्या माणसाने मुलावर केलेला अत्याचार, लैंगिक असो, मारहाण असो की धमकी, यात बसत नाही. मत्तयाच्या १८व्या अध्यायात भावाचा अपराध त्याला एकांतात दाखव असं आहे, म्हणून मुलाला त्या माणसासमोर एकटं बसवणं हा भयंकर गैरवापर आहे. त्याच अध्यायात, त्याच्याही आधी, लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याचे शब्द आहेत, ते वाचा. अशा वेळी मुलाला सुरक्षित करायचं आणि तुमच्या देशाच्या कायद्याप्रमाणे पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेला लगेच कळवायचं. मंडळीतली चौकशी आधी आणि कळवणं नंतर, असं नाही. आणि त्या माणसाच्या परतीच्या रस्त्यात मुलांजवळचं काम कधीही येत नाही. दोन मुलांमधली गोष्टही बळजबरीची असेल, किंवा फोटो नग्न असेल, तर ती गटाने आपसात मिटवायची गोष्ट नाही. आचारसंहितेत मोठ्यांसाठी स्वतंत्र भाग असू द्या: बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटं नाही, प्रवासात किमान दोन मोठे, मुलांना रात्री खाजगी मेसेज नाहीत, कोणतंही गुपित ‘कोणालाच सांगणार नाही’ म्हणून स्वीकारायचं नाही. ही कलमं रोखठोक ‘नाही’च्या भाषेत लिहा. इथे सुंदर वाक्यरचना नको.

मोठ्यांनी आचारसंहितेवर मुलांच्या आधी सही करायची, हेही त्यातच आलं. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास, शुद्धता यांत इतरांचा कित्ता हो, हे एका तरुणाला सांगितलेलं आहे. कित्ता गिरवण्यासाठी आधी कोणीतरी नीट अक्षर काढून द्यावं लागतं. गेल्या वर्षी मी एका मुलीवर सगळ्यांसमोर ओरडले, आमच्याच भाषेच्या कलमाविरुद्ध. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिची क्षमा मागितली, कारण ओरडले होते सगळ्यांसमोर. त्यानंतरच्या महिन्यात दोन मुलं आपण होऊन चुका सांगायला आली. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे याबद्दल मला शंका नाही.

रोजच्या सरावाबद्दल थोडक्यात. दोन महिन्यांना एक कलम घ्या, सगळी एकदम नको. बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं शांतता, मनातल्या मनात तीन प्रश्न: आज कोणी मला जपलं? मी कोणाला जपलं? कुठे चुकलो? ही येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या रोजच्या आत्मपरीक्षणाची छोटी आवृत्ती आहे. उत्तरं कोणी मोठ्याने सांगायची नाहीत. सद्गुणांना गुण देऊ नका, ‘महिन्याचा सर्वांत प्रेमळ’ असं बक्षीस देऊ नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे येशूने दानधर्माबद्दल म्हटलं आहे आणि ते इथेही लागू पडतं. आणि बैठकीआधी अर्धा तास, नंतर अर्धा तास तुम्ही मुलांमध्ये मोकळे असा. गरीब मुलांसाठी काम करणारे इटालियन धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी १८८४ साली आपल्या सहकाऱ्यांना लिहिलं होतं, की मुलांवर प्रेम करणं पुरेसं नाही, ते प्रेम आहे हे त्यांना कळलं पाहिजे. ज्या मुलाने तुम्हाला फक्त नियम वाचतानाच पाहिलं आहे, त्याला तुमची सौम्यता नाटकी वाटेल.

तुमच्या गटात विश्वास न ठेवणारी किंवा दुसऱ्या धर्माची मुलं असतील, तर त्यांच्याकडून सही घेताना एवढं पाहा, की प्रत्येक कलम त्यांना प्रामाणिकपणे पाळता येतं. न्याय, धैर्य, संयम, शब्द पाळणं यांसाठी आधी विश्वासाची कबुली लागत नाही. आपण हे का करतो ते मात्र त्यांच्यासमोर मोकळेपणाने, येशूचं नाव घेऊन सांगा. लपवू नका आणि लादू नका.

पुढच्या शनिवारी तक्ता भिंतीवरून उतरवा आणि मुलांच्या मधोमध जमिनीवर ठेवा. एक पेन ठेवा. पहिल्या कलमापासून सुरुवात करा: हा कोणाला जपतो? सगळी १४ एका बैठकीत होणार नाहीत. आमची चार शनिवार चालली होती. तिसऱ्या शनिवारी एखादं मूल असं काही तरी सांगेल जे त्याच्यासोबत या गटात घडलं होतं आणि तुम्हाला माहीत नव्हतं. त्या वेळी कलम बाजूला ठेवा आणि त्याचं ऐका. मोठ्या माणसाबद्दल असेल, तर काय करायचं ते वर लिहिलं आहे.